स्प्रिंगमधला घुमारा आणि नऊ व्होल्टची मर्यादा

सामान हलवल्यावर रिकाम्या खोलीत साधे बोलले तरी आवाज घुमतो. भिंतींवरून परतणारे ध्वनी मूळ आवाजापाठोपाठ इतक्या लवकर येतात, की मेंदू ते वेगळे न धरता एकच भरदार आवाज ऐकतो. इलेक्ट्रिक गिटारच्या कोरड्या सुरांना असाच घुमारा साध्या स्प्रिंगमधून देता येतो. अमेरिकेतील लॉरेन्स हॅमंड यांनी आपल्या ऑर्गनसाठी ही युक्ती वापरली होती. १९६१ मध्ये फेंडर कंपनीने गिटारसाठी स्प्रिंगची स्वतंत्र पेटी बाजारात आणली.

हौशी वादक ती घरीही बनवतात. गिटारचा संकेत छोट्या अँप्लिफायरमधून जुन्या रेडिओच्या लहान स्पीकरला द्यायचा. स्पीकरच्या पडद्याला लांब, मऊ स्प्रिंगचे एक टोक चिकटवायचे आणि दुसरे टोक बझरमध्ये असते तशा पिझो चकतीला. कंपने वेटोळ्यांतून जातात, टोकावर आपटून परततात आणि प्रत्येक फेरीत क्षीण होतात. चकती त्यांचे पुन्हा विद्युत संकेतात रूपांतर करते. तो संकेत मूळ सुरात थोडासा मिसळला, की झाला घुमारा! एका स्प्रिंगचा आवाज जरा पत्र्यासारखा येतो. वेगवेगळ्या लांबीच्या दोन-तीन लावल्यास तो मऊ होतो.

हे सारे ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालते आणि ते तिथेच थांबलेले बरे. धोका सुरू होतो तो जुना व्हॉल्व्हचा अँप्लिफायर उघडल्यावर. त्यात काही शे व्होल्टचा दाब असतो आणि प्लग काढल्यानंतरही कपॅसिटरमध्ये तो टिकून राहू शकतो. एका हातातून दुसऱ्या हातात जाणारा प्रवाह छातीतून जातो. अँपिअरच्या दहाव्या भागाइतका प्रवाहही हृदयाची लय बिघडवून जीव घेऊ शकतो.

कुणाला शॉक बसलाच, तर आधी मेन स्विच बंद करावा, मगच त्या व्यक्तीला हात लावावा. श्वास थांबला असेल तर छातीवर दाब देणे सुरू करून १०८ ला फोन करावा. शुद्ध हरपली असेल, छातीत धडधडत असेल किंवा भाजले असेल, तर नंतर बरे वाटले तरी रुग्णालयात दाखवावे.

सोल्डरिंग करताना खिडकी उघडी ठेवावी. राळेच्या धुराने दम्याचा त्रास होऊ शकतो. सोल्डरमध्ये शिसे असू शकते, म्हणून जेवणापूर्वी हात साबणाने धुवावेत.

छंद जरूर जोपासावा. घुमायला हवा तो सूर. घरात अँब्युलन्सचा भोंगा नव्हे.