सुरांतून उभे राहिलेले प्रदेश

मिकालोयुस कॉन्स्टँटिनस चुर्ल्योनिस (१८७५–१९११) हे लिथुआनियाचे संगीतकार आणि चित्रकारही. वॉर्सा व लाइपझिग इथे ते संगीत शिकले आणि पुढे संगीताच्या रचनेवर बेतून त्यांनी कल्पनेतले प्रदेश रंगवले.

● सात सोनाटा : १९०७ ते १९०९ या काळात सूर्य, वसंत, ग्रीष्म, सर्प, सागर, पिरॅमिड आणि तारे या विषयांवर त्यांनी ‘सोनाटा’ या अनेक भागांच्या वाद्यरचनेच्या धर्तीवर चित्रमालिका केल्या. त्यातल्या चित्रांना नावंही संगीतातलीच : द्रुत ‘अलेग्रो’, संथ ‘अँदान्ते’, शेवटचं ‘फिनाले’.

● सागर सोनाटा (१९०८) : ‘अँदान्ते’मध्ये समुद्रतळाशी एक प्रचंड हात शिडाचं जहाज अलगद धरून आहे. ‘फिनाले’त चिमुकल्या होड्यांवर अजस्र लाट उसळते. तिच्या फेसात चित्रकाराच्या नावाची आद्याक्षरं दडली आहेत.

● फ्यूग (१९०८) : फ्यूगमध्ये एकच धून वेगवेगळ्या स्वरपट्ट्यांत पुन्हा पुन्हा येते. चित्रात हेच काम सूचिपर्णी झाडांच्या ओळी आणि त्यांची पाण्यातली प्रतिबिंबं करतात.

● कल्पनेतून नकाशात : गिओर्गी सेदोव यांच्या रशियन ध्रुवमोहिमेने १९१३-१४चा हिवाळा आर्क्टिकमधल्या फ्रान्झ जोसेफ लँड द्वीपसमूहातल्या हूकर बेटावर काढला. त्यांच्या चित्रांची आठवण करून देणाऱ्या तिथल्या डोंगरांना चुर्ल्योनिस यांचं नाव मिळालं.

● कुठे पाहाल, काय ऐकाल? मूळ चित्रांचा मुख्य संग्रह कौनास शहरातल्या त्यांच्याच नावाच्या संग्रहालयात आहे. त्यांचं ‘सागर’ हे वाद्यवृंदासाठीचं स्वरकाव्य ऐकत ‘सागर सोनाटा’ची तिन्ही चित्रं क्रमाने जरूर पाहा.