रोमची लीजन आणि मराठवाड्याचं कापड

देवगाव फाट्याला जालना, जिंतूर आणि सेलू या तीन बाजूंचे रस्ते मिळतात. हंगामात या रस्त्यांवर कापसाच्या गाड्यांची रीघ असते. जालन्याच्या पुढे भोकरदन लागतं. सातवाहनांच्या काळातलं भोगवर्धन ते हेच. सुमारे 2 हजार वर्षांपूर्वी मराठवाड्यातलं कापड बैलगाड्यांतून बंदरावर जाई आणि जहाजांतून रोमन साम्राज्यात पोचे. तिकडची बाजारपेठ एवढी मोठी होण्यामागे एक संस्था होती, रोमची लीजन. आपल्या इतिहासाशी तिचा संबंध आहे, म्हणून तिची ओळख करून घ्यायला हवी.

लीजन म्हणजे साधारण 5 हजारांचं पायदळ. त्यात 10 पलटणी, आणि प्रत्येक पलटणीत साधारण 80 जणांच्या सहा तुकड्या. आठ जणांमागे एक तंबू, दळायला एक जातं आणि ओझ्याला एक खेचर. दिवसभर चालून मुक्काम पडला, की हेच शिपाई कुदळी घेऊन छावणीभोवती खंदक खणत आणि मातीचा बांध घालत. शत्रूच्या मुलखातही रात्र बंदोबस्तात जाई. आरंभी ज्याच्याकडे मालमत्ता, तोच शिपाई होई. इ.स.पू. 107 मध्ये सेनापती मारियसने भूमिहीनांनाही भरती केलं. इ.स. 6 मध्ये सम्राट ऑगस्टसने निवृत्त शिपायांसाठी स्वतंत्र खजिना काढला. हंगामापुरती लढणारी शेतकऱ्यांची फौज अशी आयुष्यभराची नोकरी झाली.

लीजनचं खरं बळ शत्रूकडून शिकण्यात आणि हार पचवण्यात होतं. इ.स.पू. 264 मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजशी युद्ध जुंपलं तेव्हा रोमला समुद्रावरच्या लढाईचा अनुभव नव्हता. हाती लागलेल्या एका कार्थेजी जहाजाच्या नमुन्यावरून रोमनांनी आरमार उभारलं. शत्रूच्या जहाजावर टाकायला टोकाशी खिळा असलेली फळी बसवली आणि पायदळाची लढाई पाण्यावर नेली. पुढे इ.स.पू. 216 मध्ये इटलीतल्या कॅनीच्या रणात कार्थेजचा सेनापती हॅनिबल याने त्यांची फौज कापून काढली. प्राचीन इतिहासकार मृतांचा आकडा 50 हजार आणि त्याहूनही मोठा देतात. तरी रोमने तह केला नाही. नागरिकांतून नव्या लीजन आणि इटलीतल्या मित्रराज्यांतून नव्या तुकड्या उभ्या राहिल्या आणि इ.स.पू. 202 मध्ये झामाच्या लढाईत हॅनिबल हरला.

या चिकाटीला क्रूर बाजूही होती. इ.स.पू. 146 या एकाच वर्षात कार्थेज आणि कॉरिंथ ही दोन नामांकित शहरं उद्ध्वस्त झाली. वाचलेल्यांना गुलाम म्हणून विकलं गेलं. पुढे समुद्रही ताब्यात आला. इ.स.पू. 67 मध्ये सेनापती पाँपीने काही महिन्यांत तिथल्या चाच्यांचा बंदोबस्त केला. इ.स.पू. 30 मध्ये इजिप्त पडला आणि भूमध्य समुद्राचा सगळा किनारा रोमच्या वर्चस्वाखाली आला.

आपल्या दृष्टीने हे शेवटचं वळण सर्वांत मोलाचं. इजिप्तबरोबर तांबड्या समुद्रावरची बंदरं रोमला मिळाली. लीजनच्या शिपायांनी वाळवंटातल्या वाटांवर पाण्याच्या टाक्या बांधल्या, चौक्या बसवल्या. परदेशी मालावर चौथाई हिश्शाचा कर लागे, म्हणून व्यापार सुखरूप चालणं सरकारलाही हवं होतं. स्ट्रॅबो हा लेखक सांगतो, की त्याच्या काळी यांपैकी एकट्या मायोस हॉर्मोस बंदरातून 120 जहाजं हिंदुस्थानाकडे निघत.

त्या जहाजांना काय मिळे, ते पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात आहे. भडोच बंदरापासून 20 दिवसांवर पैठण, तिथून पूर्वेला 10 दिवसांवर तगर, म्हणजे आजचं तेर. पैठणहून अकीक जाई. तेरहून साधं कापड आणि मलमल. हा माल बिकट वाटांनी गाड्यांतून भडोचला उतरे. बदल्यात मद्य, तांबं, कथील, पोवळं आणि सोन्या-चांदीची नाणी येत. हिंदुस्थान दरसाल 5 कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) ओढून नेतो, अशी तक्रार रोमन लेखक प्लिनीने लिहून ठेवली आहे.

तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावच्या पांढरीतून मिळालेल्या वस्तू आयुष्यभर जपल्या. त्या संग्रहातून उभ्या राहिलेल्या तिथल्या शासकीय संग्रहालयात या व्यापाराच्या खुणा आजही पाहता येतात. इ.स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पाँपेई या रोमन शहरात 1938 मध्ये एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी जवळचं साम्य असलेल्या मूर्ती तेरला आणि भोकरदनच्या उत्खननात मिळाल्या आहेत.

रोमचा शिपाई गोदावरीकाठी कधी आला नाही. त्याने जिंकलेल्या बंदरांतून मराठवाड्याचा माल मात्र साम्राज्यात शिरला आणि त्याचं मोल इथल्या विणकर, कारागीर आणि गाडीवानांच्या हाती पडलं. सीझर आणि हॅनिबल शिकवताना शाळांनी मुलांना तेर आणि भोकरदनही दाखवावं. जगाच्या इतिहासात आपल्या गावांचा वाटा होता, हे त्यांना तिथे पुराव्यानिशी कळेल.