कुंभकर्णाची बहीण

गळ्याशी फुलपाखराच्या आकाराची एक चिमुकली ग्रंथी असते. ती मंदावली की सारा माणूसच मंदावतो. माझे तसे झाले. भर वैशाखात मला शाल लागे, आणि तांदूळ निवडता निवडता डोळे मिटत. घरात मला 'कुंभकर्णाची बहीण' म्हणू लागले. (शूर्पणखा म्हटले नाही, हे उपकारच!)

थायरॉइडची गोळी सुरू होऊन वर्ष लोटले, तरी थकवा हटेना. डॉक्टर दर खेपेस मात्रा वाढवीत आणि वर म्हणत, "बाई, वयच तसे!" अहो, ४२ हे काय वय झाले?

शेवटी दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी जुनी चिठ्ठी नीट वाचली. थायरॉक्सिन, लोह, कॅल्शियम, तिन्ही गोळ्या 'सकाळी नाश्त्यानंतर'! लोह आणि कॅल्शियम थायरॉक्सिनला आतड्यात अडवून धरतात, अंगी लागू देत नाहीत. आता ही गोळी पहाटे उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. चहा तासाभराने, बाकीच्या गोळ्या किमान ४ तासांनी. मात्राही त्यांनी नव्याने ठरवली आणि ६ ते ८ आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासले, कारण हे औषध रक्तात सावकाश स्थिरावते.

यंदा चकल्यांची भाजणी मी स्वतः भाजली. फक्त चहाविना जाणारा तो पहाटेचा तास, भगिनींनो, काही केल्या सरत नाही!