बंदिवासातील वन्यजीव : लेखांक 6 – पाचोळ्यावर वाढणारे कासव

मागील लेखांकात कोरड्या माळरानावरील स्टार कासवाचा विचार झाला. या लेखांकातील कासवाला मात्र ऊन नव्हे, तर सावली आणि ओल लागते. ईशान्य भारतापासून सुमात्रा व बोर्निओपर्यंतच्या सदाहरित डोंगरी जंगलांत राहणारे ‘मनुरिया एमिस’ हे आशियाच्या मुख्य भूमीवरील सर्वांत मोठे भूचर कासव असून, मागच्या मांड्यांवरील टोकदार खवले जादा पायांसारखे दिसत असल्यामुळे त्याला ‘सहा पायांचे कासव’ असेही म्हणतात. शिकार आणि जंगलतोड यांमुळे त्याची गणना आज ‘अतिसंकटग्रस्त’ प्रजातींत होते.

अशा प्राण्यासाठी कुंपण बांधणे सोपे असते. कठीण असते ते जंगलाची जमीन तयार करणे. दाट सावली, पाय रुततील इतका ओलसर पाचोळा, शिरून बसता येईल असे उथळ पाणी किंवा चिखल यांची सोय आधी व्हावी लागते. आहारात कोवळी पाने, बांबूचे कोंब, अळंबी, गळून पडलेली फळे आणि थोडे किडे-गांडूळ असावेत. हवा कोरडी राहिली, तर वाढत्या पिल्लांच्या कवचावरील प्रत्येक शृंगी पट्टाचा मध्यभाग उंचावून त्याला पिरॅमिडसारखा आकार येण्याचा धोका असतो. या विकृतीचा दोष पूर्वी प्रथिनयुक्त आहाराला दिला जाई. परंतु आफ्रिकेतील सुलकाटा कासवांच्या पिल्लांवरील 2003 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हवेतील आर्द्रतेचा परिणाम प्रथिनांपेक्षा कितीतरी अधिक आढळला.

पाचोळ्याचे खरे मोल विणीच्या काळात कळते. बहुतेक भूचर कासवे मातीत खड्डा करून अंडी घालतात आणि निघून जातात. मनुरियाची मादी मात्र आजूबाजूचा पाचोळा पायांनी ओढून ढीग रचते, त्यात अंडी घालते आणि कोणी जवळ आल्यास त्याला ढकलत, प्रसंगी ढिगावर आडवी पडून, काही दिवस घरट्याची राखण करते. होनोलुलु प्राणिसंग्रहालयात बंदिवासातील माद्यांच्या या वर्तनाचे बारकाईने निरीक्षण झाले. म्हणजेच ज्या आवारातून पाचोळा ‘स्वच्छतेसाठी’ रोज झाडून काढला जातो, तेथे मादीच्या हातची घरटे बांधण्याची सामग्रीच हिरावली जाते.

हौसेखातर वन्य कासव घरी आणणे भारतात बेकायदा आहे, आणि वरील गरजा पाहता ते अन्यायाचेही आहे. बंदिवासाला नैतिक आधार मिळतो तो त्याची दिशा पुन्हा जंगलाकडे असेल तेव्हाच. दिमापूरजवळील रंगापहाड येथील नागालँड प्राणिसंग्रहालयात या कासवांची पैदास केली जाते आणि तेथे वाढलेली पिल्ले 2022 साली इंतांकी राष्ट्रीय उद्यानात नेण्यात आली. आवारातल्या पाचोळ्यावर चालायला शिकलेल्या कासवाला जंगलातला पाचोळा परका वाटू नये, हीच जोपासनेची खरी कसोटी होय.

पुढील लेखांकात : अंडी उबवण्याचे तापमान आणि पिल्लांचे लिंग.