पटकथेसाठी सॉफ्टवेअर निवडताना : आधी एक सीन चालवून पाहा

पटकथा पुस्तक होऊन वाचकापर्यंत क्वचितच पोचते. ती आधी दिग्दर्शकाकडे जाते, मग सहायकांकडे, कला आणि वेशभूषा विभागाकडे, प्रॉडक्शनकडे, नटांकडे. जो तो तिच्यातून आपल्या कामाचं काढून घेतो. कुणाला लोकेशन हवं असतं, कुणाला प्रॉपर्टीची यादी, कुणाला फक्त आपले संवाद. सॉफ्टवेअर निवडताना पटकथेचा हा पुढचा प्रवास डोळ्यांसमोर ठेवला, की जाहिरातीतल्या निम्म्या सुविधा आपोआप गळून पडतात. मराठीत लिहिणाऱ्याला आणखी एक गोष्ट पाहावी लागते. यातली बहुतेक सॉफ्टवेअर रोमन लिपी आणि अमेरिकन कागद गृहीत धरून बांधलेली आहेत.

## सॉफ्टवेअर नेमकं काय करतं?

पटकथेत ओळींचे प्रकार पाच-सहाच असतात : सीनचं शीर्षक, कृती, पात्राचं नाव, कंसातली सूचना, संवाद आणि ‘कट टू’सारखं स्थित्यंतर. यांतला प्रत्येक प्रकार पानावर ठरलेल्या जागी बसतो. सॉफ्टवेअरमध्ये टॅब आणि एंटर या दोन कळांवर हे सगळं होतं. पात्राचं नाव टाइप करून एंटर मारला, की पुढची ओळ संवादाच्या जागी सुरू होते.

एवढंच हवं असेल तर वर्डमध्ये सहा स्टाइल्स करून ठेवल्या तरी भागतं. फरक पडतो तो पुढे. पटकथेच्या सॉफ्टवेअरला कुठली ओळ कशाची हे माहीत असतं. त्यामुळे ‘सुमनचे सीन किती’, ‘चाळीतले रात्रीचे सीन कुठले’ अशा याद्या ते क्षणात काढून देतं. सीन कार्डांसारखे मांडून मागेपुढे करता येतात. पान संपताना पात्राचं नाव खाली एकटं राहत नाही.

शूटिंग जवळ आलं की सीन नंबर पक्के करतात. त्यानंतर १२ आणि १३ च्या मधे नवा सीन घुसला, तर तो १२-ए होतो. पुढचे नंबर हलवायचे नसतात, कारण शेड्युल, कॉलशीट आणि क्लॅप हे सगळं त्याच नंबरांवर चालत असतं. हे हाताने सांभाळताना सहायकाचा जीव मेटाकुटीला येतो. चांगलं सॉफ्टवेअर ते स्वतः सांभाळतं. पण पहिला खर्डा लिहिणाऱ्याला या सुविधेची गरज नसते, हेही लक्षात ठेवावं.

## एक पान, एक मिनिट?

हॉलिवूडचा रूढ ठोकताळा असा, की पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट. त्यामागे ठरीव मापं आहेत : १२ पॉइंटचा कुरियर फॉन्ट, एका इंचात १० अक्षरं, उभ्या इंचात ६ ओळी, साडेआठ बाय अकरा इंचांचा कागद आणि बाइंडिंगसाठी डावीकडे दीड इंचाचा समास. कुरियरमध्ये प्रत्येक अक्षर सारख्याच रुंदीचं असतं, म्हणून पानावर मावणारा मजकूरही फारसा कमी-जास्त होत नाही.

देवनागरीत यातलं काहीच जसंच्या तसं उरत नाही. कुरियरमध्ये देवनागरी अक्षरंच नाहीत, त्यामुळे संगणक गुपचूप दुसरा फॉन्ट घेतो. ‘र’ आणि ‘क्ष’ यांची रुंदी सारखी नसते. वरच्या वेलांट्या-मात्रा आणि खालचे उकार सांभाळायला ओळींत जास्त अंतर लागतं. कागदही आपल्याकडे ए-फोर असतो. म्हणून सॉफ्टवेअरने दाखवलेली ‘अंदाजे लांबी’ मराठी पटकथेच्या बाबतीत तशीच्या तशी खरी मानू नये.

उपाय सोपा आहे. एकच फॉन्ट, एकच आकार आणि एकच ओळ-अंतर ठरवा. आपलीच दहा पानं कृतीसकट मोठ्याने वाचा आणि घड्याळ लावा. दहा पानांना तेरा मिनिटं लागली, तर तुमचं पान सव्वा मिनिटाच्या थोडं पुढे जातं. हे प्रमाण त्या मांडणीपुरतं खरं असतं. फॉन्ट बदलला की पुन्हा मोजावं लागतं.

## अक्षरांची परीक्षा

‘युनिकोड चालतं’ एवढं आश्वासन पुरेसं नसतं. अक्षर दिसणं, ते नीट जोडलं जाणं, छापल्यावर तसंच राहणं आणि शोधल्यावर सापडणं या चार वेगळ्या गोष्टी आहेत. परीक्षेसाठी हे शब्द टाइप करून पाहा : दुसऱ्या, कुऱ्हाड, विठ्ठल, ॲम्ब्युलन्स, ऑफिस, दृष्टी, ज्ञान. अर्धा र मोडला, ॲच्या डोक्यावरचा चंद्र बाजूला सरकला किंवा ठ्ठचे दोन तुकडे झाले, तर पुढे प्रत्येक पानावर तोच त्रास होणार.

एक अडचण डोळ्यांना दिसत नाही. ‘कऱ्हाडकर’ या नावातला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो : एक ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरून, दुसरा साध्या ‘र’पुढे अदृश्य जोडचिन्ह टाकून. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात, संगणकाच्या लेखी मात्र ते दोन वेगळे शब्द असतात. ॲचंही तेच. जुन्या कीबोर्डांवर तो ‘अ’वर चंद्र ठेवून काढत. त्याचं स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, आणि आजही दोन्ही रूपं चालू आहेत. दोन लेखकांनी दोन कीबोर्डांवर एकच पटकथा लिहिली, तर पात्रांच्या यादीत दोन कऱ्हाडकर दिसतील आणि त्यांचे सीन दोघांत वाटले जातील. म्हणून पात्रांची आणि लोकेशनची नावं एकदाच लिहावीत आणि नंतर सॉफ्टवेअर सुचवतं त्या यादीतूनच निवडावीत. ‘चाळीची खोली’ आणि ‘चाळीतली खोली’ अशी सैल नावं ठेवली, तरी शेड्युलमध्ये दोन लोकेशनं उभी राहतात.

जुन्या श्री-लिपी किंवा आकृती फॉन्टांत टाइप केलेली पटकथा असेल, तर ती आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावी. त्या फाइलीत देवनागरीचा नुसता आकार असतो. फॉन्ट काढून घेतला की मागे इंग्रजी अक्षरांचा कचरा उरतो.

## हाताशी असलेले पर्याय

फायनल ड्राफ्ट. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपासून असलेलं आणि अमेरिकन उद्योगात सर्वांत रुळलेलं सॉफ्टवेअर. त्याची एफडीएक्स फाइल शेड्युलिंगची सॉफ्टवेअर थेट वाचतात. युनिकोडची सोय त्यात २०१८च्या अकराव्या आवृत्तीपासून आली. मूळ किंमत सुमारे २५० डॉलर, म्हणजे वीस हजार रुपयांच्या पुढे. अधूनमधून सवलती असतात. चाचणी आवृत्ती मोफत मिळते. इंग्रजीत किंवा रोमन लिपीत लिहिणाऱ्यांना यात अडचण नाही. देवनागरीत लिहिणाऱ्यांनी वरची परीक्षा घेतल्याशिवाय पैसे भरू नयेत.

स्क्राइट. बंगळुरूच्या टेरिफ्लिक्सने भारतीय भाषा समोर ठेवून केलेलं सॉफ्टवेअर. मराठीसह अनेक भारतीय भाषांची सोय त्यात आहे, आणि इंग्रजी कीबोर्डवर उच्चारानुसार टाइप करता येतं. कृती इंग्रजीत आणि संवाद मराठीत अशी सरमिसळ करणाऱ्यांना ओळीच्या प्रकारानुसार भाषा ठरवून ठेवता येते. सीन फळ्यावरच्या चिठ्ठ्यांसारखे मांडता येतात. डावीकडे चित्र आणि उजवीकडे ध्वनी ही दोन रकान्यांची मांडणीही काढता येते. मराठीत लिहिणाऱ्याने पहिली चाचणी इथून सुरू करायला हरकत नाही.

फेड इन. फायनल ड्राफ्टपेक्षा स्वस्त, विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालणारं. एफडीएक्स वाचतं आणि लिहितंही. त्यामुळे स्टुडिओने ती फाइल मागितली म्हणून महागडं सॉफ्टवेअर घ्यायलाच हवं असं नाही.

रायटरड्युएट. दोघांनी दोन शहरांत बसून एकाच वेळी एकच सीन लिहायचा असेल, तर हे त्यासाठीच बांधलेलं आहे. ब्राउझरमध्ये चालतं. मर्यादित संख्येच्या पटकथांसाठी मोफत आहे.

वर्ड आणि गूगल डॉक्स. मालिकांच्या जगात आजही भरपूर पानं यांतच लिहिली जातात, आणि ते वेडेपणाचं नाही. टाइप करायला सोपं, फोनवर उघडणारं, सगळ्यांना येणारं. याद्या आणि सीन नंबर मात्र हातानेच सांभाळावे लागतात.

## फाउंटन : साध्या मजकुरात पटकथा

जॉन ऑगस्ट आणि स्टू माश्वित्झ या दोघांच्या पुढाकारातून २०१२ साली फाउंटन ही पद्धत आली. हे सॉफ्टवेअर नाही, लिहिण्याची शिस्त आहे. नोटपॅडमध्ये साधा मजकूर लिहायचा आणि ओळ कशाची ते एखाद्या चिन्हाने सांगायचं. इंग्रजीत पात्राचं नाव कॅपिटल अक्षरांत लिहिलं की काम होतं. देवनागरीत मोठी-छोटी अक्षरं नाहीत, म्हणून नावाआधी @ लावायचं. सीनच्या शीर्षकाआधी टिंब, स्थित्यंतराआधी >. लिहिलेलं असं दिसतं :

.आत. चाळीतली खोली - रात्र

नळाखाली अर्धी भरलेली बादली. धार बारीक होत थांबते.

@सुमन
(मागे न वळता)
पाणी गेलं. आता सकाळी चारला उठा.

> कट टू:

ही फाइल फाउंटन वाचणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली, की प्रत्येक ओळ आपापल्या जागी बसते. फेड इन आणि स्क्राइट ती घेतात. मॅक वापरणाऱ्यांसाठी ‘बीट’ हे मोफत सॉफ्टवेअर याच पद्धतीवर चालतं. सगळं मोडलं, कंपनी बंद पडली, लॅपटॉप बदलला, तरी ही फाइल कुठल्याही संगणकावर वाचता येते.

## कोणी काय घ्यावं?

लघुपट करणाऱ्या विद्यार्थ्याने पैसे खर्चू नयेत. फाउंटन किंवा एखादी मोफत आवृत्ती पुरेशी आहे.

दैनंदिन मालिकेत कथा, पटकथा आणि संवाद हे बहुधा वेगवेगळ्या लोकांचं काम असतं. प्रॉडक्शन हाउसचा नमुना ठरलेला असतो, तोच वापरावा. इथे वेग महत्त्वाचा. मराठी टाइपिंगचा सराव आणि बोलून टाइप करण्याची सवय कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा जास्त वेळ वाचवते.

चित्रपट लिहिणाऱ्याला सीन हलवण्याची, आवृत्त्या जपण्याची आणि याद्यांची गरज पडते. त्याने पूर्ण सॉफ्टवेअर घ्यावं. ओटीटीसाठी लिहिणाऱ्याने पहिल्याच बैठकीत विचारून घ्यावं : फाइल कुठल्या रूपात हवी आणि संवाद कुठल्या लिपीत? काही नट रोमन लिपीतले मराठी संवाद मागतात. त्यांना वेगळी प्रत द्यावी, पण मूळ प्रत एकच ठेवावी. दोन्ही लिप्यांत दुरुस्त्या सुरू झाल्या, की सेटवर दोघांच्या हातात दोन वेगळे संवाद असतात.

जाहिरात किंवा माहितीपटाला दोन रकान्यांचा तक्ता लागतो. तो वर्डमध्ये दहा मिनिटांत होतो.

## फाइल कोणाच्या ताब्यात?

सेल्टेक्स हे एकेकाळी संगणकावर चालणारं मोफत सॉफ्टवेअर होतं, आणि होतकरू लेखकांमध्ये लोकप्रिय होतं. पुढे कंपनी ऑनलाइन सेवेकडे वळली आणि संगणकावरची ती आवृत्ती मागे पडली. ज्यांनी केवळ त्याच्याच फाइली जपल्या होत्या, त्यांना जुन्या पटकथा बाहेर काढायला खटपट करावी लागली. वर्गणीच्या सॉफ्टवेअरबाबत म्हणूनच एक प्रश्न आधी विचारावा : वर्गणी थांबली तर माझी पटकथा मला उघडता येईल का?

पीडीएफ हे त्याचं उत्तर नाही. वाचायला, पाठवायला आणि मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे ऑनलाइन नोंदणी करायला पीडीएफ लागते. पण देवनागरी पीडीएफमधला मजकूर कॉपी केला, की अनेकदा वेलांट्या उड्या मारतात आणि जोडाक्षरं तुटतात. प्रत्येक खर्ड्याच्या शेवटी पीडीएफबरोबर एक एफडीएक्स किंवा फाउंटन प्रत काढून वेगळ्या जागी ठेवावी.

## एका सीनची चाचणी

घेण्याआधी एक संध्याकाळ काढा. तीन पात्रं, दोन लोकेशन, एक फोनवरचं बोलणं आणि एक लांब संवाद असलेला आपलाच सीन घ्या आणि क्रमाने हे करा :

१. तो सीन पूर्ण मराठीत टाइप करा. प्रत्येक ओळीला माउसकडे हात जातो का पाहा.
२. पात्रांची यादी काढा. तीन नावं आली पाहिजेत, चार नाहीत.
३. पीडीएफ काढून दुसऱ्याच्या फोनवर पाठवा आणि तिथे ‘दुसऱ्या’ हा शब्द शोधून पाहा.
४. ए-फोरवर छापा. मात्रा कापल्या जातात का बघा.
५. एफडीएक्स किंवा फाउंटनमध्ये बाहेर काढा आणि दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा.

पाचही पायऱ्या पार झाल्या, तर ते सॉफ्टवेअर तुमच्या कामाचं, मग ते मोफत असो वा महाग. पाचवी अडली, तर बाकी कितीही देखणं असलं तरी सोडून द्या. आणि एकदा निवडल्यावर खर्डा पुरा होईपर्यंत बदलू नका. दुसरा अंक अडला की नवं सॉफ्टवेअर शोधावंसं वाटतंच, पण त्यानं तो अंक सुटत नाही.