मुलांचं काम मुलांना करू द्या

कांद्याचं रोप ओढलं म्हणून वाढत नाही. त्याला पाणी द्यावं लागतं, तण काढावं लागतं आणि वाट बघावी लागते. मुलांचंही तसंच आहे.

लहान बाळ स्वतःच्या हाताने जेवते तेव्हा निम्मा घास सांडतो. आईला खुरपायला जायची घाई असते. ती म्हणते, "आण इकडं, मीच भरवते." पण रोज भरवलं तर बाळाला जेवायला येणार कधी? सांडू द्यावं. सांडून सांडूनच हात बसतो.

चार-पाच वर्षांच्या मुलाला सदऱ्याची बटणं लावू द्यावीत. वरखाली लागली तरी हसू नये. "हा सदरा घालतो का तो?" असं विचारावं. मग त्याला ठरवता येतं. आमच्याएवढ्या मुलांना दुकानात मीठ आणायला पाठवावं आणि उरलेले पैसे आम्हालाच मोजू द्यावेत. दप्तर आमचं आम्ही भरावं. मात्र विहीर, विजेची मोटर, कडबा कुट्टी आणि फवारणीचं औषध यांच्याजवळ मुलांना एकटं सोडू नये.

मुलांना खेळायलाही पाहिजे. सूरपारंब्या खेळताना हातापायात बळ येते, आणि भांडण झालं तर ते मिटवायलाही येते.

पण काही घरी उलटं होतं. मुलांचं काम मोठी माणसं करतात आणि मोठ्यांचं काम मुलांवर पडतं. आपल्या जिल्ह्यात पाथर्डी, शेवगाव तालुक्यांतली पुष्कळ माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. मागं बघायला कोणी नसलं की पोरंही बरोबर जातात. आईबाप अंधारातच फडात जातात आणि मोठी बहीण कोपीवर बाळाला सांभाळते. ती दहा वर्षांची असते. तिची शाळा बुडते. आईबाप हे हौसेनं करत नाहीत. पण बाळ दिवसभर सांभाळणं हे तिचं काम नव्हे. मुलांना आजीजवळ ठेवता आलं किंवा हंगामी वसतिगृहाची सोय झाली तर शाळा चुकत नाही.

गुरुजींनी आम्हाला ताराबाई मोडक यांची माहिती सांगितली. त्यांनी १९४५ साली डहाणू तालुक्यात बोर्डीला काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. आदिवासी मुलं बालवाडीत येत नव्हती, म्हणून ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला त्यांनी गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावरच शाळा भरवली. बहिणींना शिकता यावं म्हणून बाळांसाठी शाळेजवळ पाळणाघर केलं. शंख, शिंपले, पानं, बिया घेऊन मुलं स्वतः शिकायची. ताराबाई पोरांवर रागावल्या नाहीत आणि आईबापांना नावं ठेवली नाहीत. अडचण काय आहे ते त्यांनी बघितलं. १९६२ साली त्यांना पद्मभूषण मिळालं.

म्हणून सर्व आईवडिलांना माझी नम्र विनंती आहे. मुलाचं काम त्याला करू द्या, उशीर झाला तरी चालेल. मोठ्यांचं काम त्याच्यावर टाकू नका. आणि एखादी बहीण बाळाला कडेवर घेऊन शाळेत आली तर तिला कोणी हसू नका, आत बसू द्या.

ज्यांना वाचता येत नाही त्यांना त्यांच्या मुलांनी हा लेख वाचून दाखवावा.

— इयत्ता ४ थी