घरच्या समुद्रातील आगंतुक

बडोद्यास समुद्र नाही. बडोदे संस्थानास मात्र होता. द्वारका आणि ओखा यांचा ओखामंडळ प्रदेश गायकवाडांच्या अंमलाखाली होता, आणि सयाजीराव महाराजांच्या कारकीर्दीत जेम्स हॉर्नेल या प्राणिशास्त्रज्ञाने तेथील सागरी जीवांविषयीचा अहवाल बडोदे सरकारास सादर केला. १९०९ व १९१६ साली तो दोन भागांत प्रसिद्ध झाला. आता समुद्रापासून दूर असलेल्या आपल्या वासण्यातही एखादा हौशी गृहस्थ दर लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार विरघळवून काचेच्या पेटीत समुद्र मांडू शकतो. परंतु समुद्र मांडला की समुद्रातील नको असलेली प्रजाही घरात येते. दगडाच्या छिद्रांत, शिंपल्याच्या पाठीवर, अंड्यांच्या रूपाने ती गुपचूप शिरते.

या आगंतुकांत सर्वांत चिवट म्हणजे एप्टेशिया नावाचे लहानसे समुद्रपुष्प. नाव फुलाचे असले तरी हा प्राणी आहे. रंग तपकिरी, देह अर्धपारदर्शक, तोंडाभोवती बारीक शुंडांचे झुबके. शुंडांवरील दंशपेशींनी तो शेजारच्या जीवांना भाजून काढतो. उपासमारीने तो सहजी मरत नाही, कारण त्याच्या शरीरात राहणारे एकपेशीय शैवल प्रकाशाच्या साह्याने अन्न तयार करून त्यास पुरवीत असते. चिमट्याने ओढावे, तर तो क्षणार्धात बिळात आक्रसतो. तुटलाच, तर तळव्याचा जो कण दगडास चिकटून राहतो त्यातून नवा प्राणी उभा राहतो. पुराणातील रक्तबीजाची कथा आपणांस ठाऊक आहेच. पुष्कळ नवशिके याला खरवडून काढू पाहतात आणि एकाचे दहा करून ठेवतात.

मग करावे काय? चुना आपल्या कामी येतो. विड्याच्या पानास लावतात तोच पदार्थ, परंतु शुद्ध स्वरूपातील, पाण्यात दाट कालवून पिचकारीने हळूच त्याच्या तोंडावर सोडावा. त्या वेळी पाणी फिरविणारा पंप बंद असावा. एका दिवशी दोन-चारांहून अधिकांवर हा प्रयोग करू नये, कारण चुन्याने सर्व पाण्याची अल्कता वाढते व मासे संकटात सापडतात. हे काम वडीलधाऱ्यांनी, डोळे सांभाळून करावे. दुसरा उपाय निसर्गाचाच आहे. बर्गिया नावाची शंखहीन समुद्रगोगलगाय केवळ एप्टेशिया खाऊन जगते. इतकेच नव्हे, तर गिळलेल्या दंशपेशी आपल्या पाठीवरील बोटांत साठवून स्वतःचे रक्षणही करते. भक्ष्य संपले की मात्र ती उपाशी मरते.

प्रत्येक पाहुणा शत्रू नसतो. दगडाखालून रात्री निघणारा केसाळ कृमी बहुधा उष्टे-खरकटे खाणारा झाडूवाला असतो. त्याचे केस निवडुंगाच्या कुसांप्रमाणे बोटांत रुततात, एवढे लक्षात ठेवले म्हणजे पुरे. वाळूवर चढणारा लाल बुळबुळीत थर हा तर प्राणीच नव्हे. तो सूक्ष्मजीवांचा असून माशांना अति खाऊ घातल्याने फोफावतो. ताम्रयुक्त औषध माशांच्या काही रोगांवर गुणकारी खरे, पण कोळंबी व प्रवाळ यांना ते मारक ठरते. म्हणून ते मुख्य पेटीत कधीही ओतू नये.

कीड नाहीशी व्हावी म्हणून जिवंत दगड उकळण्याची कल्पना काहींना सुचते. ती फार धोक्याची आहे. दगडांवर वाढणाऱ्या काही प्रवाळसदृश जीवांत पॅलिटॉक्सिन नावाचे अतितीव्र विष असते; १९७१ साली हवाई बेटांवरील अशाच एका जीवातून शास्त्रज्ञांनी ते वेगळे केले. उकळताना वाफेबरोबर ते घरभर पसरते आणि माणसे अत्यवस्थ होतात.

खरे तर असला दगड आणूच नये. २००१ पासून प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात स्थान मिळाले असल्याने ओख्याच्या किनाऱ्यावरून प्रवाळ उचलून आणणे हा गुन्हा आहे. कृत्रिम, कोरडा दगड वापरला की कायदाही पाळला जातो आणि बहुतेक आगंतुकांची वाटच बंद होते. तरीही शंख, गोगलगाय किंवा मासा नवा आणल्यास त्यास काही आठवडे निराळ्या लहान पेटीत ठेवावे, आणि रात्री दिवे मालवल्यावर विजेरी घेऊन ती पेटी पाहावी; दिवसा लपून बसणारे पुष्कळ जीव त्याच वेळी बाहेर पडतात.